पंधरा मिनिटांचा रुसवा

रुसवा पंधरा मिनिटांचा ठरला होता. छापील कार्यक्रमातच तसं होतं: ‘विहिणीची पंगत, पाऊण वाजता. रुसवा व मनधरणी, पंधरा मिनिटं. भोजन, एक वाजता.’ रुसव्यापुढे बारीक अक्षरांत ‘ऐच्छिक’ असंही छापलं होतं. पण शिल्पाताईंनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाईंनी, नागपूरहून कळवलं होतं की जे जे ऐच्छिक असेल ते सगळं त्यांना हवंय.

मला हसू आलं. आम्ही दोघी साठीच्या आसपासच्या, एकाच पिढीतल्या. आमच्या लग्नांत आम्ही उभ्याउभ्या बुफे जेवलो, आयांनी मानपानाचं नाव काढलं की डोळे फिरवले, आणि आता सासवा व्हायची वेळ आल्यावर आम्हालाच चांदीचं ताट आणि ताटाभोवती महिरप हवी झाली. बाजाराला हे असलं आपल्याआधी कळतं. सांगलीत जुन्या पद्धतीची लग्नं लावून देणाऱ्या कंपन्याच निघाल्या होत्या. आम्ही ठरवलेल्या कंपनीकडे कानपिळी, रुसवा, विहिणींची गाणी सगळं मिनिटांच्या हिशेबात मिळायचं. मनधरणीची वाक्यंसुद्धा त्यांनी मला पाठ करायला आधी पाठवली होती.

त्या वेळापत्रकाची थट्टा करण्यात मी पहिली होते. पण त्यातलं मिनिट न् मिनिट पाळलं जायला हवं होतं, कारण ते नुसतं पाहुण्यांना गेलेलं नव्हतं. ते माझ्या मुलीच्या, ओवीच्या, दंडावरच्या इन्शुलिनच्या पट्टीलाही गेलेलं होतं.

ओवीला सातव्या वर्षी मधुमेह झाला. पोट सुटलेल्या काकांना होतो तो नव्हे. यात शरीर इन्शुलिन करणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकतं. मग जगायचं तर इन्शुलिन बाहेरून द्यायचं, रोज, जन्मभर. जास्त झालं तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतं, कमी पडलं तर चढलेली साखर हळूहळू डोळे आणि किडन्या खाते. मी तेव्हा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. दिवसभर साखर करायची आणि घरी येऊन साखरेशी भांडायचं, असा माझा संसार.

कारखान्यात उसाच्या रसाचा आंबटपणा मारायला त्यात चुन्याचं पाणी सोडतात. चुना सोडतात एका ठिकाणी, आणि आंबटपणा मोजणारं मीटर असतं पाइपात बरंच पुढे. रस तिथवर पोचेपर्यंत मीटरला कशाचा पत्ता नसतो. नवा ऑपरेटर चुना वाढवतो, आकडा हलत नाही, म्हणून आणखी वाढवतो, आणि मग तो सगळा चुना एकदम मीटरपाशी येऊन पोचतो. घाबरून तो चुना तोडतो, तर तेही मीटरला उशिराच कळतं. रस नुसता झोके घेत राहतो. ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांनी गीझरपासून लांबच्या नळाखाली आंघोळ करून बघावी. गरम पाणी येईना म्हणून नळ सोडत जायचा, आणि मग पाठ भाजून घ्यायची. यात दोष आंघोळ करणाऱ्याचा नसतो आणि नळाचाही नसतो. दोष मधल्या पाइपाचा असतो.

इन्शुलिनचा पाइप फार लांब. कातडीखाली टोचलेलं इन्शुलिन रक्तात उतरून जोर धरायला तास घेतं. जेवण मात्र पंधरा मिनिटांत साखर चढवायला लागतं. म्हणजे साखर चढलेली बघून इन्शुलिन द्यायचं, तर ते वरातीमागून घोडं. त्यातून कातडीतलं सेन्सर रक्तातली साखर दहा मिनिटं उशिरा दाखवतं, ते वेगळंच.

अठरा वर्षं या पाइपाच्या टोकाशी मी उभी होते. आणि कारखान्यात पोरांना शिकवलेलं सगळं घराच्या उंबऱ्याशी विसरत होते. साखर उतरली की डॉक्टर सांगत, तीन चमचे साखर द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. मी साखर द्यायचे, पण थांबणं मला कधी जमलं नाही. दोन मिनिटांनी आकडा बघायचा, उतरतोच आहे असं दिसलं की आणखी साखर, मग केळं, मग बिस्किटं. तासाभरात साखर आभाळाला. मग इन्शुलिन, मग पुन्हा उतार. ओवी दहावीत असताना म्हणाली होती, “आई, माझ्या साखरेपेक्षा तूच जास्त वरखाली होतेस.”

पंचविसाव्या वर्षी तिला पट्टी मिळाली. दंडावर चिकटवायची, पोहे खायच्या चमच्याएवढी. त्यातच सेन्सर, इन्शुलिन आणि गणित करणारी चिप. पट्टीची खुबी अशी, की तिच्या पोटात एक गणितातली ओवी असते. खऱ्या ओवीच्या अंगात तासाभरानं जे होणार, ते या गणितातल्या ओवीच्या अंगात लगेच घडवून बघता येतं. त्यामुळे पट्टी वाट बघत बसत नाही. ती गणितातल्या ओवीला विचारते आणि पुढचं ठरवते. आणि खरी ओवी या दुसरीपेक्षा वेगळी वागली, तर तो फरक ज्यामुळे पडतो त्याला आमच्या धंद्यात व्यत्यय म्हणतात. ती धावली, भांडली, तिला ताप आला, तिनं कुणाच्या बढतीचा पेढा खाल्ला, हे सगळे व्यत्यय.

पण फरक दिसतो तेव्हा व्यत्यय अंगात शिरलेला असतो आणि त्यावरचा उपाय अजून पाइपात असतो. आधीचे सगळे पंप इथेच अडकले होते. नव्या पट्टीनं यावर तोड काढली: व्यत्यय येण्याआधीच ओळखायचा. ओवी काय खाणार, कधी खाणार, हे ती ओवीच्या कॅलेंडरवरून, डब्याच्या ऑर्डरीवरून, घरातल्या कुकरच्या शिट्ट्यांवरून ताडू लागली आणि घास तोंडात जाण्याच्या अर्धा तास आधी इन्शुलिन सोडू लागली. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलं यंत्र. पण त्याचे अंदाज बरोबर यायचे. दोन वर्षांत ओवीची साखर एकदाही सत्तरच्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, खाली गेली नाही.

याचा जो परिणाम झाला तो मात्र कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नव्हता. ओवीच्या पर्समधली साखरेची पुडी गेली. पूर्वी ती जाईल तिथे दोघातिघांना सांगून ठेवायची, की मी गप्प झाले किंवा घामाघूम झाले तर मला गोड काहीतरी द्या. नव्या ऑफिसात तिनं कुणालाच सांगितलं नाही. गरजच नव्हती. आणि एक दिवस माझ्या फोनवर दिसणारा तिच्या साखरेचा आकडा दिसेनासा झाला.

“आई, तू रिटायर झालीस,” ती म्हणाली. “कारखान्यातून झालीस तशी इथूनही. पेन्शन म्हणून रोज फोन करीन.”

गरज सरो, वैद्य मरो, असं मी तिला फाडकन म्हणाले. ती हसली. मला मात्र पुढे कितीतरी दिवस हात रिकामे रिकामे वाटत राहिले.

शार्दूल पांढरीपांडेशी ओळख झाली तेव्हा तिनं त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. त्याच्या आईला मात्र सांगू दिलं नाही. “सासूबाईंना आधी सून भेटू दे,” ती म्हणाली. “पेशंट नंतर भेटेल. दिवाळीपर्यंत माझी मीच सांगते.” मला हे पटलं नव्हतं. पण सातव्या वर्षापासून जिला सगळ्यांनी पेशंट म्हणूनच ओळखलं, तिच्याशी यावर वाद कसा घालायचा?

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. तबकडीवर तिचा आकडा, शेजारी तो चढतोय की उतरतोय हे दाखवणारा बाण.

“फक्त उद्याच्या दिवसासाठी,” ती म्हणाली. “नाहीतर अक्षता टाकायच्या सोडून तू माझं तोंडच बघत बसशील. पण अट आहे. बघायचं, बोलायचं नाही. सासूबाईंसमोर एक शब्दही नाही. माझी शपथ घे.”

मी घेतली. वेडीसारखी खूश होऊन घेतली.

मुहूर्त लागला, सप्तपदी झाली. मे महिना होता, पण हॉल गारेगार होता. नवरीनं लग्न लागेपर्यंत जेवायचं नाही ही पद्धत ओवीनं हौसेनं पाळली होती, आणि पट्टीला तेही ठाऊक होतं. तिनं वेळापत्रक वाचलं, मेनू वाचला, आमरस, पुऱ्या आणि मसालेभात यांचा हिशेब केला आणि साडेबाराला भरपूर इन्शुलिन सोडलं. घड्याळावर तसा ठिपका उमटला. सगळं यथासांग.

पाऊण वाजता शिल्पाताई पाटावर बसल्या. उजवीकडे ओवी, डावीकडे शार्दूल. चांदीच्या ताटात वाटीभर आमरस, त्यावर अजून तूप वाढायचं होतं. विहीणबाईंनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी जेवणाला हात लावायचा नाही, हा नियम. कंपनीच्या बाईनं कानातल्या यंत्रात काहीतरी पुटपुटून खूण केली आणि शिल्पाताईंनी ठरल्याप्रमाणे मान फिरवली.

“महिरप एकेरीच काढली वाटते,” त्या म्हणाल्या. “आमच्या नागपूरला दुहेरी काढतात.”

“चुकलंमाकलं पदरात घ्या, विहीणबाई,” मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सगळे हसले. फोटो निघाले. मी घड्याळ पाहिलं. एकशे सहा, बाण खाली. ठीक होतं.

मग त्यांनी पुऱ्या लहान असल्याची तक्रार केली, मी पुऱ्यांच्या वतीनं माफी मागितली. बायकांनी विहिणीचं गाणं धरलं. मी घड्याळ पाहिलं. त्र्याण्णव. अजून दहा मिनिटांत जेवण, म्हणजे हरकत नाही. तरी पुन्हा पाहिलं.

“काय पाहून राहिल्या हो तुम्ही सारख्या?” शिल्पाताई म्हणाल्या. हे वाक्य यादीत नव्हतं.

“काही नाही,” मी म्हटलं. आणि घाबरून पुढे जोडलं, “वेळ बघत होते.”

याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

“वेळ?” त्यांचा आवाज बदलला. “मी आटपू का मग लवकर?”

“तसं नाही हो…”

“सकाळपासून पाहून राहिली मी. सूनमुख झालं, तुम्ही घड्याळ पाहिलं. ओटी भरली, घड्याळ पाहिलं. आता मला जेवा म्हणता, अन् डोळे घड्याळात!” त्यांनी ताट थोडं पुढे सारलं. “शार्दूलचे बाबा गेले, आता हिनं मानाच्या पाटावर बसू नये, असं आमच्याकडच्या दोघीतिघी बोलल्याच होत्या. मी म्हटलं, बसीन. सगळं करीन, जे जे असते ते. तुम्हालाही मी इथं बसलेली पाहवत नसेल, तर तोंडावर सांगा न. असं मिनिटं काय मोजून राहिल्या?”

ऐच्छिक असलेलं सगळं त्यांना का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं, आणि आपण त्यावर हसलो होतो याची लाज वाटली. शार्दूल “आई, अगं आई” करत त्यांच्याकडे वळला. त्यांचे डोळे भरून आले होते.

कंपनीची बाई मात्र खूश. “फारच छान चाललंय, मॅम,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “रेकॉर्डिंग चालू आहे.”

एक वाजून गेला. पट्टीनं धोका ओळखून नेहमीचं बारीक इन्शुलिनही थांबवलं, तसा निळा ठिपका दिसला. पण आधी अंगात गेलेलं तिला काढून घेता येत नाही. रुसवा पंधरा मिनिटांत संपणार होता ना? पट्टीच्या गणितात खोटा रुसवा होता. खऱ्या रुसव्याला वेळापत्रक नसतं.

एक्क्याऐंशी. मी मनधरणी करत होते आणि मान आपोआप खाली वळत होती. मी घड्याळ पाहिलं की शिल्पाताई आणखी दुखावत होत्या, त्या दुखावल्या की जेवण आणखी लांबत होतं, जेवण लांबलं की आकडा आणखी उतरत होता, आणि आकडा उतरला की मी पुन्हा घड्याळ पाहत होते. आयुष्यभर मी असली फेरी कारखान्यात शोधून तोडत आले. या फेरीत मीच बसले होते.

सत्तर. आता दोन बाण. म्हणजे खरा आकडा त्याहून खाली. ओवीकडे पाहिलं तर गार हॉलमध्ये तिच्या मुंडावळ्यांखाली घाम आला होता. ती ताटातल्या पुरीकडे एकटक बघत होती. साखर उतरली की पहिली जाते ती अक्कल. आपल्याला काही होतंय हेच माणसाला पटत नाही. मी तिला डोळ्यांनी विचारलं. तिनं मान हलवली: नाही. बोलायचं नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. बोलले तर मुलगी मला जन्मात माफ करणार नाही. नाही बोलले तर दहा मिनिटांत ती पाटावरून कोसळेल. खरं तर यात निवडण्यासारखं काही नव्हतं. तरीही माझ्याच्यानं तोंड उघडवत नव्हतं, इतकी त्या शपथेची मला किंमत होती.

मी घड्याळ सोडलं आणि शिल्पाताईंच्या तळहातावर ठेवलं.

“मी वेळ बघत नव्हते,” मी म्हटलं. “ही ओवीच्या रक्तातली साखर आहे. तिला लहानपणापासून मधुमेह आहे. एक वाजता जेवण म्हणून इन्शुलिन आधीच गेलंय. आता हा आकडा थांबत नाहीये.”

“आई!” ओवी म्हणाली. जीभ जड झाली होती. “मला… काही होत नाहीये.”

शिल्पाताईंनी आकडा पाहिला. मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपल्या मानाच्या ताटातली आमरसाची वाटी उचलून तिच्या ओठांना लावली.

“पी,” त्या म्हणाल्या.

“आधी… तुम्ही…”

“मी जेवली समज. गुमान पी.”

मागे कुणीतरी “अगं बाई, विहिणीचं ताट!” असं म्हणालं. ओवी प्यायली. अर्धा रस शालूवर सांडला. शिल्पाताईंनी शार्दूलच्या ताटातली वाटीही उचलली.

“आता नको,” मी त्यांचा हात धरला. “आता पंधरा मिनिटं काहीच द्यायचं नाही. थांबायचं.”

“थांबायचं? पोरगी पांढरी पडून राहिली!”

“दिलेलं पोचायला वेळ लागतो.”

“बासष्ट झाले. साठ. उतरूनच राहिलं हे!”

“ते मागचं दाखवतंय. थांबा.”

हे मी कुणाला सांगत होते देव जाणे. माझ्याच पायांत धावत जाऊन साखरेचा डबा आणायची ओढ होती. एका हातात वाटी आणि एका हातात घड्याळ घेऊन शिल्पाताई बसल्या होत्या आणि मी त्यांचं मनगट गच्च धरून बसले होते. कोण कुणाला अडवत होतं, सांगता आलं नसतं.

कंपनीची बाई वाकून म्हणाली, “मॅम, पुऱ्या गार होतायत…”

“थांबा!” आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

सत्तावन्नवर आकडा अडला. बराच वेळ तिथेच राहिला. मग अठ्ठावन्न. मग त्रेसष्ट. ओवीनं कपाळ पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि शालूवरच्या रसाकडे बघून म्हणाली, “हे कुणी सांडलं?” तेव्हा शिल्पाताई रडायला लागल्या, आणि मग मीही.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. विहीणबाईंनी घास घेतला, ओवीनं उखाणा घेतला, पंगत उठली. पाठवणीच्या वेळी ओवी सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्याजवळ आली, वाकून नमस्कार केला आणि कानाशी म्हणाली, “तू बोलणार नव्हतीस.”

एवढंच. आणि गाडीत जाऊन बसली. मी ढसाढसा रडले. आईच ती, रडणारच, असं लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कंपनीचा अहवाल शार्दूलनं मला पाठवला. त्यात लिहिलं होतं: ‘अनपेक्षित व्यत्यय, एक. कारण अज्ञात. निवारण यशस्वी.’ न केलेल्या कामाचं श्रेय घेण्यात पट्टी अगदी माणसांवर गेली होती. मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, की समारंभाच्या जेवणाला अर्धंच इन्शुलिन आधी सोडा आणि उरलेलं घास तोंडात गेल्यावर. पुढच्या महिन्यात त्यांनी तसा बदल केला. अंदाज बांधा, पण त्याच्यावर सगळी पुंजी लावू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

घड्याळ शिल्पाताईंकडेच राहिलं. मी मागितलं नाही आणि ओवीनं काढून घेतलं नाही. तिचा रोजचा फोन यायचा, पण “बरी आहे, तू बरी आहेस ना, ठेवते” एवढाच. पेन्शन चालू होती, पण निम्म्यावर आली होती. नागपूरच्या बातम्या मला विहीणबाईंकडून कळायच्या. त्यांनी ओवीच्या सगळ्या कुर्त्यांना आतून खिसे शिवले होते आणि प्रत्येकात साखरेची पुडी टाकली होती. “तिनं काही म्हटलं नाही?” मी विचारलं. “म्हटलं न,” त्या म्हणाल्या. “खिसे लहान झाले म्हणाली.”

श्रावणातल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज घाबरा.

“विहीणबाई, चौऱ्याहत्तर दिसून राहिले. बाण खाली. ती ऑफिसात आहे. फोन करू का तिला?”

करा, लगेच करा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

“निळा ठिपका आहे?” मी विचारलं.

“आहे.”

“म्हणजे पट्टीनं इन्शुलिन थांबवलंय. तिलाही इशारा गेला असेल. तुम्ही पंधरा मिनिटं थांबा.”

“अन् तुम्ही?”

“मीही थांबते.”

आम्ही फोन चालूच ठेवला. त्यांनी कुरडया कशा बिघडल्या ते सांगितलं. मग शार्दूलचे बाबा आमरसात मिठाची चिमूट टाकून खायचे, ते सांगितलं. मध्येच “एकाहत्तर,” म्हणाल्या. मी मूठ आवळली आणि मीठ किती टाकायचे ते विचारलं. “सत्तर,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा कुरडयांचं काढलं. मग त्या म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर. बाण वर.” आणि दोघींनी एकदम श्वास सोडला.

फोन ठेवते न ठेवते तोच ओवीचा आला.

“सासूबाईंना लावला तर एंगेज,” ती म्हणाली. “तुला लावला तर तूही दुसऱ्या कॉलवर. म्हटलं, झालं. आता दोघी मिळून अँब्युलन्स पाठवणार.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी साखर खाल्ली, खिशातली. तुमचा फोन येतो का, ते बघत होते.”

“नाही केला.”

“दोघींनीही?”

“थांबलो.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“आई,” ती म्हणाली, “तसलं आणखी एक घड्याळ माझ्याकडे आहे. तुला पाठवू?”

उत्तर घशाशी येऊन थांबलं होतं. तिथेच त्याला जरा वेळ धरून ठेवलं.

“पाठव,” मी म्हटलं. “घाई नाही.”